हे तुला कसं कळलं?

1855 सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात एक निबंध दोन हप्त्यांत छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे ही पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणारी मुलगी. वय चौदाच्या आसपास, शाळेत येऊन जेमतेम तीन वर्षे झालेली. विषय होता मांग-महारांचे दुःख. इमारतीच्या पायात आपल्या माणसांना गाडत असत, हे ती सांगते. ते तिच्या जन्माआधीचे, म्हणजे मोठ्यांच्या तोंडून आलेले. बाळंत होणाऱ्या बाईच्या घरावर छप्परसुद्धा नसते आणि थंडीपावसात तिचे काय होत असेल, हेही ती सांगते. ते तिच्या वस्तीतले, रोजच्या पाहण्यातले. वेद वाचण्याचा अधिकार आम्हाला नाही, तर मग आमचा धर्म कोणता, हा प्रश्न मात्र तिने कुणाकडून उसना घेतलेला नाही. ऐकलेले, पाहिलेले आणि स्वतः विचारलेले असे तिन्ही एका सलग मांडणीत आले आहे. आजच्या हिशेबाने ही आठवीतली मुलगी. तिच्या लेखनातला इतिहास कुठे संपतो, समाजाचे वर्णन कुठे सुरू होते आणि निबंध कुठला, हे वेगळे काढून दाखवता येणार नाही.

आपल्या शाळांच्या वेळापत्रकात मात्र या गोष्टी वेगवेगळ्या घरांत राहतात. इतिहासाच्या तासिकेला मूल धड्याखालच्या स्वाध्यायाची उत्तरे धड्यातूनच उचलून वहीत उतरवते. मराठीच्या तासिकेला तेच मूल फळ्यावरचा किंवा गाइडमधला निबंध उतरवते. बीड किंवा पाथर्डीकडच्या एखाद्या शाळेची कल्पना करा. सहावीतल्या मुलाला ‘माझा आवडता सण’ लिहायला सांगितले आहे. तो दिवाळी निवडतो. चकली, करंजी, आकाशकंदील, अभ्यंगस्नान, किल्ला सगळे त्या निबंधात हजर असते. त्याच्या घरी मात्र दसरा-दिवाळीच्या सुमारास आईवडिलांची ऊसतोडीला निघायची बांधाबांध चाललेली असते. धाकट्याला बरोबर न्यायचे की आजीकडे ठेवायचे, यावर घरात बोलणी चाललेली असतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. यातले एक अक्षर निबंधात येत नाही, कारण निबंधात असे काही लिहायचे असते हे त्याला कुणी सांगितलेलेच नाही. त्याला पैकीच्या पैकी गुण मिळतात. मला हे फार मोठे नुकसान वाटते, आणि ते एकट्या मराठीच्या विषयाचे नाही. आपल्या घरात घडते ते लिहिण्याजोगे नसते, अशी ज्या मुलाची समजूत झाली, त्याला इतिहास ही दुसऱ्यांचीच गोष्ट वाटणार.

हे पुस्तक पाचवी ते आठवीच्या शिक्षकांसाठी आहे आणि त्याचे म्हणणे एकच आहे. या वयात इतिहास आणि निबंधलेखन ही एकच कामगिरी आहे, ती एकत्र शिकवावी. इतिहासाच्या तासाला मुलाला एखादी गोष्ट कळते ती कशावरून, हे विचारावे. लेखनाच्या तासाला त्याने लिहिलेले वाक्य कशावरून लिहिले, हे विचारावे. दोन्हीकडे प्रश्न तोच: हे तुला कसं कळलं? दटावणीचा नव्हे, कुतूहलाचा सूर लावून वर्षभर हा प्रश्न विचारत राहिले तर मुले तो एकमेकांना विचारू लागतात. पुढे पुढे पाठ्यपुस्तकाला विचारू लागतात, आणि एखाद्या दिवशी शिक्षकालाही. तिथवर वर्ग आला की अर्धे काम झाले.

अकरा ते चौदा हे वय या कामाला अगदी योग्य आहे. चौथीत मुलांनी शिवाजी महाराजांचे चरित्र गोष्टीसारखे ऐकलेले असते, आणि त्या वयाला ते तसेच शोभते. सहावी-सातवीत मूल बदलते. न्याय-अन्यायाची त्याची जाण तीव्र होते. ‘त्याला दिलं, मला का नाही’ हे भांडण घरी रोज चाललेले असते. कारणे विचारण्याची, वाद घालण्याची, मोठ्यांच्या बोलण्यातली विसंगती पकडण्याची खोड लागते. घरात आणि वर्गात आपण या खोडीला उद्धटपणा म्हणतो. इतिहासाला तीच लागते.

पाठ्यपुस्तकांनी याची सोय केलेली नाही असे नाही. बालभारतीच्या 2017 सालच्या सातवीच्या आणि 2018 सालच्या आठवीच्या इतिहासाचा पहिलाच पाठ ‘इतिहासाची साधने’ हा आहे. भौतिक साधने, लिखित साधने, मौखिक साधने, आठवीत त्यांत दृक्-श्राव्य साधनांची भर. पाठ चांगला आहे. होते असे की जूनमध्ये तो शिकवून संपतो, प्रकार पाठ होतात, ‘पुढील संकल्पनाचित्र पूर्ण करा’ होऊन जाते, आणि मग मार्चपर्यंत त्या साधनांचे नाव निघत नाही. दुसऱ्या पाठापासून राजे, लढाया, तह आणि सुधारणा अशा येतात की जणू त्या कुणी डोळ्यांनी पाहून थेट छापल्या. पहिल्या पाठाला वर्षभर जागते ठेवणे, एवढे जरी या पुस्तकाने साधले तरी मी त्यावर समाधानी असेन.

साधन हातात देणे म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगतो. नाशिकजवळ मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या डोंगरात पांडवलेणी आहेत. त्यातल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा एक कोरीव लेख आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. नाशिक जिल्ह्यातली हजारो मुले सहलीला तिथे जातात, पायऱ्या चढतात, फोटो काढतात, डबा खातात आणि उतरतात. लेख भिंतीवर असतोच. त्यात लिहिले आहे ते थोडक्यात असे: उषवदाताने हे लेणे भिक्षुसंघाला दिले आणि त्याबरोबर 3000 कार्षापण नाण्यांची कायमची ठेव ठेवली. गोवर्धन इथल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, 2000, दरमहा शेकडा एक व्याजाने. विणकरांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे 1000, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज खर्चायचे. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे.

आता सातवीच्या मुलांपुढे हे आकडे फळ्यावर मांडा आणि काही न बोलता थांबा. सरळव्याज त्यांना येते. 2000 चे महिन्याचे व्याज 20. वर्षाचे 240. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा, म्हणजे 240. हिशेब तंतोतंत जुळतो. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी कोणीतरी बसून हे गणित केले आणि मग ते दगडावर कोरवून घेतले, हे मुलांच्या लक्षात येते तेव्हा वर्गात जी चुळबुळ सुरू होते ती कुठल्याही सनावळीने होत नाही. मग प्रश्न येऊ लागतात. राजाचा जावई पैसे विणकरांकडे का ठेवतो? म्हणजे विणकरांची पत मोठी असणार. श्रेणी मोडली तर ठेवीचे काय? पिढ्यान्‌पिढ्या ती टिकेल असा ठेवणाऱ्याचा भरवसा असणार. एवढे कापड खपत कुठे असेल? आणि नेमका एखादा हुशार हात वर करतो: दोन्ही श्रेणी विणकरांच्याच, तर एकीकडे एक टक्का आणि दुसरीकडे पाऊणच का?

याचे उत्तर लेखात नाही. इथे शिक्षकाने काय करावे, यावर पुढच्या वर्षभराचे शिकवणे अवलंबून असते. ‘ते अभ्यासक्रमात नाही’ म्हणून विषय मिटवता येतो. मनाने एखादे कारण ठोकून देता येते. माझा आग्रह असा की मुलांना हे वाक्य लिहायला शिकवावे: ‘दर वेगळे का होते, हे या लेखावरून कळत नाही, पण असे असू शकेल.’ आणि मग त्यांनी आपापला अंदाज, त्याच्या कारणासह लिहावा. माहीत असलेले, अनुमानाने काढलेले आणि माहीत नसलेले यांच्यातल्या रेषा वाक्यरचनेतून दाखवता येणे, ही माझ्या मते आठवीपर्यंत मुलाला यायला हवी अशी सगळ्यात मोठी लेखनकला आहे. अलंकार, म्हणी, सुभाषिते त्यानंतर. या लेखावर मुलांनी लिहिलेला दीडशे-दोनशे शब्दांचा निबंध घेऊन बघा. ‘प्राचीन काळी व्यापार भरभराटीला आला होता’ हे पुस्तकातले वाक्य त्यात आले तरी त्याच्यामागे या वेळी 240 कार्षापण उभे असतील.

प्रत्येक गावाजवळ लेणे नसते हे खरे. पण देवळाच्या आवारात शेंदूर फासलेला वीरगळ पुष्कळ गावांत असतो. खालच्या चौकटीत पडलेला वीर, मधल्यात लढाई, वर शिवलिंगापुढे हात जोडलेला तोच वीर, अशा चित्रपट्ट्या मुले खालून वर सहज वाचतात. कोकणात गधेगळ, म्हणजे शिव्याशापाचे शिल्प कोरलेले दगड, आढळतात. अलिबागजवळच्या आक्षीचा शिलालेख शके 934 चा, म्हणजे इसवी सन 1012 चा मानतात. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते आणि त्याच्या काळाच्या वाचनावर अभ्यासकांत वाद आहे. वाद आहे, हीच वर्गासाठी पर्वणी समजावी.

दुसरे साधन घराघरात आहे, आणि ते फार दिवस राहणार नाही. 1972 चा दुष्काळ ज्यांनी कळत्या वयात पाहिला ती माणसे आता साठीच्या पुढे गेली आहेत. सोलापूर, धाराशिव, बीड, अहिल्यानगर, सांगलीचा पूर्व भाग, कुठल्याही गावात ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हटले की म्हातारी माणसे सरसावून बसतात. लाल मिलो ज्वारी. दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी. खडी फोडताना हाताला आलेले फोड. दावणीची जनावरे सोडून द्यावी लागली तो दिवस. 1973 च्या मे महिन्यात राज्यात दुष्काळी कामांवर राबणाऱ्या माणसांची संख्या 50 लाखांच्या घरात गेली होती. त्या कामांतून झालेले पाझर तलाव आणि रस्ते आजही वापरात आहेत. मुले त्या तलावात पोहतात आणि तो कुणी खणला हे त्यांना ठाऊक नसते. त्या अनुभवातून पुढे 1977 चा महाराष्ट्र रोजगार हमी कायदा झाला, आणि देशभरच्या 2005 च्या कायद्याआधी त्या वाटेने महाराष्ट्र चालून गेला होता. आजीच्या हाताच्या घट्ट्यापासून देशाच्या कायद्यापर्यंत असा सलग धागा मुलाच्या हाती देणारा दुसरा विषय मला तरी माहीत नाही.

मुलाखत घ्यायला पाठवण्याआधी मात्र तयारी लागते. ‘आजी, दुष्काळाची माहिती सांग’ असे विचारले तर आजी म्हणते, लई वाईट दिवस होते बाबा, आणि गप्प होते. ‘कामाला जाताना तू डोक्यावर काय घेऊन जायचीस?’ असे विचारले तर ती तासभर बोलते. वस्तूंचे, खाण्याचे, चालण्याच्या अंतराचे, हजेरी घेणाऱ्या कारकुनाचे प्रश्न आधी विचारावेत. ‘का’ आणि ‘कसे वाटले’ हे मागून. मुलांनी ऐकतानाच शब्द टिपून घ्यावेत, तिच्याच बोलीत. मग वर्गात दोन-तीन मुलांच्या नोंदी शेजारी ठेवायच्या. एकीची आजी म्हणते मजुरी दर आठवड्याला मिळे, दुसऱ्याचे आजोबा म्हणतात महिना महिना मिळत नसे. खोटे कुणीच बोलत नसते. कामे वेगळी असतील, मुकादम वेगळे असतील, आठवण पुसट झाली असेल. दोघांचे म्हणणे निबंधात कसे मांडायचे, कुणाच्या तोंडी काय घालायचे, यावर एक अख्खी तासिका खर्ची पडावी. ती वाया गेली असे कुणी म्हणू नये.

यातच एक सावधगिरी. आठवण काढताना आजीचे डोळे भरून आले तर मुलाने वही मिटायची. दुष्काळात दगावलेल्या भावंडाची गोष्ट घराची असते, ती भित्तिपत्रकावर लागायलाच हवी असे नाही. काय लिहायचे नाही, हे ठरवायलाही मुलांनी शिकावे, आणि तो निर्णय त्यांचा व त्यांच्या घरच्यांचा असावा.

आता लिहिण्याविषयी. आपल्याकडे निबंध एका बैठकीत, एकदाच, गुणांसाठी लिहिला जातो आणि लाल शाईने भरून परत येतो. ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेले असते आणि खाली ‘छान’ किंवा ‘अक्षर सुधारा’ असा शेरा असतो. मुलाने मांडलेल्या मुद्द्याशी कुणी बोललेलेच नसते. या पुस्तकात प्रत्येक लेखनाला चार पायऱ्या सुचवल्या आहेत: टिपण, क्रम, कच्चे लेखन, पक्के लेखन. यातली दुसरी पायरी सर्वांत जास्त वेळ खाते. टिपणांच्या चिठ्ठ्या करून जमिनीवर पसरायच्या आणि कुठली कुठल्यामागे जाईल यावर गटाने भांडायचे. मुलांना हे खेळासारखे वाटते. निबंधाची रचना ज्याला म्हणतात ती याहून वेगळी काही नसते.

कच्चे लेखन घरच्या भाषेत होऊ द्यावे, हे माझे ठाम मत आहे. धुळ्या-नंदुरबारकडे अहिराणी, भिली, मावची, पूर्व विदर्भात झाडीबोली, गोंडी, सिंधुदुर्गात मालवणी, मुंबई-पुण्याच्या महापालिका शाळांत तर एका बाकावर तीन भाषा. प्रमाण मराठी मुलाला आलीच पाहिजे, त्यात सवलत नको; तिच्यावाचून पुढची दारे बंद होतात. पण विचार सुचत असतानाच शुद्धलेखनाची तलवार डोक्यावर टांगली तर मूल ज्यांचे शुद्धलेखन खात्रीने येते तेच शब्द वापरते आणि त्याच्या विचाराची उंची त्या शब्दांएवढी होऊन बसते. पक्क्या लेखनाच्या वेळी शुद्धलेखन कसून पाहावे. आणि आजीने वापरलेला शब्द अवतरणचिन्हात तसाच राहू द्यावा. तो पुरावा आहे, त्याला सुधारायचा अधिकार आपल्याला नाही.

संस्कृतीचा भाग लिहिताना मी सर्वाधिक अडखळलो, कारण शाळेत संस्कृती म्हणजे सण, पोशाख, नृत्य आणि ‘विविधतेत एकता’चा तक्ता, असे समीकरण घट्ट बसले आहे. स्नेहसंमेलनात कोळीनृत्य होते. कोळीवाड्यातल्या मासेमारीचे काय चालले आहे, हे कुणी विचारत नाही. वारली चित्रे शाळेच्या भिंतीवर येतात. ती मुळात लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढली जातात आणि त्यात सवाशिणींचा मान असतो, हे सांगायचे राहून जाते. म्हणून या पुस्तकात एकच मोठा विषय घेतला आहे: गावची जत्रा. देव कोणता यावर न थांबता मुलांनी विचारायचे की वर्गणी कोण गोळा करते, पालखीला खांदा कुणाचा, वाजंत्री कोण, पहिला मान कुणाचा, कुस्त्यांचे बक्षीस कोण लावते, दर्ग्याचा उरूस असेल तर त्यात गावातले कोण कोण जाते, बायका कुठवर जाऊ शकतात. गावाची सगळी वीण या प्रश्नांतून दिसते.

त्या विणीत जात असते. तिच्याकडे डोळेझाक करून संस्कृती शिकवता येत नाही, आणि ती कशी शिकवायची यात शिक्षकाची खरी कसोटी लागते. एका गोष्टीबद्दल मी आग्रही आहे. वर्गातल्या कुठल्याही मुलाला त्याच्या समाजाच्या वतीने उभे करू नये. ‘तुमच्यात कसं असतं रे?’ हा प्रश्न चाळीस जणांसमोर विचारला की त्या मुलाचे वर्गातले स्थान कायमचे बदलते. जे मूल स्वतःहून लिहील त्याचे लेखन मानाने वाचावे. जे लिहिणार नाही त्याला दुसरा विषय खुला असावा.

वादाच्या इतिहासाला शिक्षक घाबरतात, आणि त्यांची भीती मला समजते. कुठल्या वाक्यावर कोण शाळेत येऊन उभा राहील सांगता येत नाही. तरी मुले विचारणारच. सातवीत मराठ्यांचा इतिहास आहे आणि घरोघरी मोबाइलवर रोज नवी गोष्ट ‘खरा इतिहास’ म्हणून येते. मी शिक्षकांना सांगतो की निकाल देत बसू नका, कागद समोर ठेवा. मराठी इतिहासलेखनाची परंपराच तशी आहे. ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासावर नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी टीकात्मक निबंध लिहिला तेव्हा ते विद्यार्थिदशेत होते. 1868 साली तो प्रसिद्ध झाला. साहेबाने लिहिले म्हणून ते खरे मानायचे नाही, आपली साधने काढून तपासायचे, ही हिंमत एका विद्यार्थ्याच्या निबंधाने दाखवली. पुढे 1898 पासून वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे बावीस खंड काढले ते याच तपासणीसाठी, कागद गावोगाव हिंडून गोळा करून.

प्रतापगडाच्या प्रसंगाचेच बघा. 10 नोव्हेंबर 1659 ही तारीख आणि अफजलखानाचा वध प्रत्येक मुलाला चौथीपासून ठाऊक असतो. त्याच प्रसंगावर अज्ञानदास शाहिराचा पोवाडा आहे, कवींद्र परमानंदाचे संस्कृत काव्य ‘शिवभारत’ आहे, आणि राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेली कृष्णाजी अनंत सभासदाची बखर आहे. प्रत्येकातला सोपा केलेला एकेक परिच्छेद सातवीच्या गटांना द्यावा. हा मजकूर कुणी, कधी, कुणासाठी रचला? तिन्हीत सारखे काय? एकातच असलेले काय? शाहीर रंग भरतो, कवी उपमा देतो, सभासद दरबारातल्या ऐकीव-पाहिल्या गोष्टी सांगतो, हे मुलांना आपोआप दिसते. महाराजांबद्दलचा आदर याने कमी होत नाही. माझा अनुभव उलटा आहे. तीन वेगळ्या तोंडांनी सांगितलेला प्रसंग मुलांना जास्त खरा वाटतो, आणि मग मोबाइलवरच्या गोष्टीलाही ती विचारतात, हे कुणी लिहिलंय?

हे सगळे नवे आहे असा माझा दावा नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हस्तलिखित छात्रालय दैनिक काढत. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी 1985 मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केले आणि मुलांच्या अनुभवाला लेखनाचा पाया मानले. मध्य प्रदेशात ‘एकलव्य’ने सहावी ते आठवीसाठी सामाजिक शास्त्राची वेगळी पुस्तके तयार करून सरकारी शाळांत शिकवून पाहिली. मी या सर्वांचा ऋणी आहे. आपल्याकडे असे प्रयोग त्या त्या शाळेपुरते राहतात आणि चालवणारे थकले की विरतात. म्हणून या पुस्तकात साधी जिल्हा परिषद शाळा गृहीत धरली आहे, जिथे दोन शिक्षक आणि चार वर्ग असतात आणि ऑनलाइन माहितीही भरायची असतेच.

वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, आणि तो रास्त आहे. अभ्यासक्रम संपवायचा असतो, शिष्यवृत्ती परीक्षा असते, मध्येच निवडणुकीचे काम येते. म्हणून वर्षाला चारच लेखने सुचवली आहेत, प्रत्येक सत्रात दोन. इतिहासाच्या आणि मराठीच्या मिळून सहा-सात तासिका एका लेखनाला पुरतात. आकारिक मूल्यमापनातल्या प्रकल्पाच्या आणि उपक्रमाच्या गुणांत ते बसते, नोंदवहीत वेगळे काही लिहावे लागत नाही. वर्षाला वीस उतरवलेले निबंध आणि चार स्वतःचे, यांत निवड करायची तर मी चार घेईन. वरिष्ठांनी निबंधांची संख्या विचारली तर हे पान दाखवावे.

विषयांची सुरुवात कुठून करावी, यावर बराच विचार करून मी शाळेच्या कपाटापासून करायचे ठरवले. जनरल रजिस्टर प्रत्येक शाळेत असते. जुन्या शाळांतली काही रजिस्टरे शंभर वर्षांपलीकडची, मोडीतल्या सह्यांची, वाळवीने कडा खाल्लेली आहेत. दाखल झाल्याची तारीख, वय, गाव, शाळा सोडल्याची तारीख, सोडण्याचे कारण असे रकाने त्यांत असतात. मुख्याध्यापकांच्या परवानगीने शिक्षकाने स्वतः त्यातून आकडे काढावेत. नावे आणि जातीचे रकाने मुलांपुढे आणू नयेत. दर दहा वर्षांत मुलगे किती, मुली किती, पहिली मुलगी कोणत्या साली दाखल झाली, मुलींनी शाळा कितवीत सोडली आणि कारणाच्या रकान्यात काय लिहिले आहे, एवढा तक्ता फळ्यावर आला की पुरे. सहावीचा पहिला निबंध त्यावर, शब्दमर्यादा दीडशे, विषय: आपल्या शाळेत मुली कधीपासून येऊ लागल्या. तक्ता कसा आखायचा आणि जिथे पाने फाटली आहेत तिथे काय लिहायचे, ते पहिल्या प्रकरणात दिले आहे.